सोलापुरातली जुनी दगडी शाळा कला आणि दोन भाषांसाठी नीट करायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की संस्थेची शाळा दगडी आहे, दोन मजली, नव्वदेक वर्षांची. संचालकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात पाडून नवी बांधू. काही म्हणतात हीच नीट करू आणि चित्रकला, संगीत, नाटक यांना जागा देऊन मराठी आणि इंग्रजी दोन्हीतून शिकवू. यात योग्य काय आणि आधी हात कशाला घालावा?

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या मजबुतीच्या तपासणीत, इमारत अगदीच धोकादायक ठरली नाही, तर पाडू नका. दुरुस्तीचा क्रम आधी छत, मग भिंतींतली ओल, मग आवाज असा ठेवा. रंग, बाकं आणि स्मार्ट बोर्ड त्यानंतर. मी सोलापुरातच आर्किटेक्ट आहे आणि चुन्यातल्या जुन्या बांधकामांची कामं करत आलोय. आमचं घर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं. घरी तेलुगू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी असं माझं शिक्षण झालं, म्हणून तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग मला जवळचे आहेत.

ऑडिट टाळू नका. तीस वर्षांपुढच्या इमारतींना ते कायद्यानेच बंधनकारक आहे, पण खरं कारण आपल्या शेजारचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीला दगडी घरं का कोसळली? भिंती जाड होत्या, पण आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते, मधे माती आणि चिपा भरलेल्या, आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. तुमची शाळा बहुधा घडीव दगडाची आणि चुन्यातली असेल, म्हणजे त्यापेक्षा पुष्कळ बरी. तरीही आरपार दगड आहेत का, हे इंजिनिअरला चार ठिकाणी भिंत उघडून बघायला लावा. नसले तर भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून सळई आणि काँक्रीटचे सांधे घालता येतात, छताच्या पातळीला पट्टा फिरवता येतो. हे काम होण्यासारखं आहे आणि नव्या इमारतीच्या मानाने फार कमी खर्चात होतं.

एक साधी तपासणी तुम्हीही आज करू शकता. भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा, वर तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, दर्जा म्हणजे दगडांमधले सांधे भरून काम भागेल. काच तडकली तर इमारत अजून हलतेय, आणि मग पायाजवळ पाणी कुठून जातंय ते आधी शोधावं लागेल.

आता छत. सोलापुरात त्या काळच्या शाळांना बहुधा लोखंडी गर्डर आणि त्यावर शहाबादी फरशी असते, कारण शहाबाद इथून जवळ. गळायला लागलं की आपल्याकडे एकच उपाय ठरलेला आहे: वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर. दहा-पंधरा वर्षांनी परत गळतं, मग त्यावर दुसरा कोबा. चार इंची कोबा म्हणजे चौरस फुटाला अठरा-वीस किलो. पाचशे चौरस फुटांच्या एका वर्गावर नऊ-दहा टन. असे दोन थर वाहणाऱ्या गर्डरची टोकं नेमकी भिंतीत, जिथे ओल मुरते तिथे, गंजत असतात आणि खालून ती दिसत नाहीत. म्हणून आधी जुने कोबे उतरवा, गर्डरची टोकं उघडी करून हातोडीने ठोका. खपल्या पडल्या तर किती लोखंड उरलंय ते मोजून मगच पुढचं ठरवा. नंतर हलकं वॉटरप्रूफिंग, त्यावर पांढरे चिनीमातीचे तुकडे, आणि पन्हळी मोकळ्या. पांढऱ्या गच्चीमुळे खालचा वर्ग मार्च-एप्रिलमध्ये चांगलाच सुसह्य होतो, आणि आपल्याकडे पारा बेचाळिसच्या पुढे जातो हे मी तुम्हाला सांगायला नको.

पीओपीचं फॉल्स सीलिंग मात्र कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. चौदा फुटांची उंची आणि वरचे झरोके हीच या इमारतीची उन्हाळ्याची सोय आहे. वर सीलिंग लागलं की गरम हवा बाहेर पडायची वाट बंद होते, आणि गळती व वाळवी दोन्ही दिसेनाशा होतात.

भिंतींबद्दल एवढंच: चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जोत्यातून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. मग दोन-तीन वर्षांत खालचे तीन-चार फूट पोपडे सुटतात, वर क्षार फुलतात. शहरातल्या एका संस्थेच्या इमारतीत, तिथला ठेकेदार आणि समिती यांना पुन्हा पुन्हा सांगूनही, सिमेंटचाच आग्रह झाला, आणि आज तिथे मुलांची बाकं भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढून ठेवलेली असतात. कळीचा चुना विरवून नीट मुरवलेला घ्या, चुन्यात हात बसलेला गवंडी शोधा. तो मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. चुन्याचं काम मे महिन्यात काढू नका. ऊन त्याला वाळवून टाकतं आणि तो धरत नाही. छत उन्हाळी सुट्टीत, चुना दिवाळीनंतर, असं वर्ष वाटून घ्या. सोलापुरात सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा गच्ची खरी पारखली जाते. गच्चीच्या कामाचं शेवटचं बिल त्यानंतरच द्या.

चुना आणि दगडाचं जुनं काम जपून पुन्हा वापरात आणता येतं याचं उदाहरण बघायचं तर संचालकांना इंद्रभुवनला घेऊन जा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू महापालिकेच्या कचेरीत कित्येक वर्षं झाकोळून गेली होती, आणि आता बघा.

आता मला ज्यावर सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते. आवाज.

दगडी भिंती, शहाबादी जमीन, उंच छत: रिकाम्या वर्गात उभं राहून एक टाळी वाजवा. ती बराच वेळ घुमत राहील. वर्गात आवाज विरायला सुमारे ०.६ सेकंद लागावेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. चोवीस बाय वीस फुटांच्या अशा वर्गात पस्तीस मुलं बसलेली असली तरी माझ्या हिशेबाने ते पावणेदोन सेकंदांच्या घरात जातं. म्हणजे बाईंच्या एका शब्दाची शेपटी पुढच्या दोन शब्दांवर पडलेली असते. ओळखीच्या भाषेत अर्धा शब्द कानी पडला तरी मूल उरलेला मनाने भरून घेतं. नव्या भाषेत त्याला तसं करता येत नाही. ‘कॅट’ आणि ‘कॅप’ यांतला फरक शेवटच्या एका बारीक आवाजात आहे, आणि घुमणारा वर्ग नेमका तोच गिळतो. मूल गप्प राहतं, आणि आपण म्हणतो त्याला इंग्रजी जमत नाही. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू घरातून आलेल्या मुलाला पहिलीत मराठीचंही असंच होतं. द्विभाषिक शाळेसाठी इमारतीने काय करावं असं विचाराल, तर हे पहिलं.

उपाय आपल्या गावातच विणला जातो. वर्गाची मागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा वरचा भाग मिळून तीनेकशे चौरस फूट जाड सुती कापड लावा. सोलापुरी चादर यासाठी उत्तम. लाकडी चौकटीवर, सैलसर चुण्या घालून, भिंतीपासून दोन इंच पोकळी ठेवून. चौकटीचे स्क्रू दगडात न घालता दगडांमधल्या दर्जांत घाला, म्हणजे भिंतीला इजा होत नाही. विजेच्या बोर्डांपासून आणि दाराच्या वाटेपासून लांब ठेवा, सुट्टीत काढून धुवा. मोराची किंवा वेलबुट्टीची वीण असली तर तो वर्ग देखणाही होतो, आणि ज्याच्या घरी ती चादर विणली जाते ते मूल त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघतं. मी हे केलेल्या एका वर्गात मराठीच्या बाई म्हणाल्या की आता दुपारनंतर घसा बसत नाही. बाकांच्या पायांना रबरी टोप्याही लावा.

शाळा पूर्व भागात असेल तर बाहेर यंत्रमागांचा खडखडाट असणार. त्या बाजूला जिना, भांडार, कचेरी, कपड्यांची खोली ढकला. पहिली-दुसरीचे वर्ग आणि इंग्रजीचा तास सगळ्यांत शांत बाजूला. तबला-पेटीची खोली तळमजल्यावर कोपऱ्यात, आणि तिच्या नि शेजारच्या वर्गाच्या मधे एक खोली सामानाची. दाराखाली इंचभर फट राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. तिथे रबरी पट्टी लावून घ्या.

चित्रकलेला उत्तरेकडची खोली द्या, उजेड दिवसभर सारखा राहतो. तिथली शहाबादी तशीच ठेवा, त्यावर रंग सांडला तरी कुणी मुलांना ओरडत नाही. पाण्याच्या मोरीखाली गाळ बसणारी टाकी हवीच, नाहीतर शाडूने नळी महिन्यात तुंबते. आणि अर्धवट राहिलेली चित्रं, माती-कागदाची कामं ठेवायला रुंद मांडण्या. हे बहुतेक शाळा विसरतात. मग प्रत्येक चित्र एका तासात संपवावं लागतं आणि मुलं तेवढ्यात मावेल असंच काढायला शिकतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना तर या मांडण्यांची फारच गरज असते. नाटकाला वेगळं सभागृह नको. चौकातला ओटा आणि भोवतीचा व्हरांडा पुरतो, फक्त दिव्यांसाठी वेगळी वायर ओढून ठेवा.

भाषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० निदान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं. सेमी इंग्रजी करायचं असेल तर जरूर करा, पण घाई करू नका. बोलण्यापुरती दुसरी भाषा मुलं दोनेक वर्षांत उचलतात. तिच्यातून गणित-विज्ञानाचा विचार करायला पाच-सात वर्षं लागतात. जिम कमिन्स या अभ्यासकाने हा फरक १९७९ मध्ये मांडला, आणि पहिल्या भाषेत पक्कं झालेलं दुसरीत कामी येतं हेही त्यानेच दाखवलं. इथे कला खूप मदत करते. गोष्ट आधी मराठीत ऐकायची, तिचं चित्र काढायचं, चौकात तिचं नाटुकलं करायचं, आणि मग तोच प्रसंग इंग्रजीत. अर्थ हातात असतो, फक्त शब्द नवे.

आणि सोलापुरात दोनच भाषांवर थांबू नका. आपल्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमधली आहेत. व्हरांड्यातली एक लांब भिंत मुलांच्या हाताच्या उंचीला काळी करा आणि तिच्यावर मराठी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड, उर्दू, जी लिपी घरात असेल ती येऊ द्या. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी आजीला गोष्ट सांगायला बोलवा, तिच्या भाषेत. एखाद्या पहिलीतल्या पोराला आपली आजी शाळेत खुर्चीवर बसलेली दिसली, की त्याचं तोंड उघडायला वेळ लागत नाही.

राहिलेलं थोडक्यात. प्रत्येक मजल्याला बाहेर पडायच्या दोन वाटा आणि बाहेर उघडणारी दारं ठेवा. २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं आगीत गेली. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा, म्हणजे जोतं अडीच फूट असेल तर तीस फुटांची जागा आधीच राखा, शेवटी ती सापडत नाही. वायरिंग सगळं नवं करा. ही इमारत वारसा यादीत आहे का ते महापालिकेत विचारून घ्या.

आराखडा ठरवताना चित्रकलेचे सर, संगीताच्या बाई आणि पहिलीच्या वर्गशिक्षिका यांना बैठकीत बसवा, नुसतं सही करायला बोलावू नका. ऑडिटचा अहवाल आला की त्यातला छताचा भाग, दोन्ही मजल्यांचा नकाशा आणि यंत्रमाग कुठल्या बाजूला आहेत ते या उत्तराखाली लिहा. कुठली खोली कशाला द्यावी ते त्यावरून मी सांगतो.