काडतुसांच्या पुंगळ्या साफ करताना: टंबलरमध्ये काय घालावे?

प्रश्न: नेमबाजीच्या सरावातल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी साफ करायच्या आहेत. कंपनाचा टंबलर (भरड्यात पुंगळ्या थरथरवून साफ करणारे यंत्र) घेतला आहे. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा, मक्याच्या कणसाचा भरडा आणि स्टेनलेस स्टीलच्या पिना, यांतले काय घ्यावे?

टंबलर कंपनाचा आहे, तर पिनांचा विचार सोडा. पिनांना पाणी आणि फिरते पिंप लागते. थरथरणाऱ्या भांड्यात त्या तळाशी बसतात, माल उलटसुलट होत नाही आणि मोटरवर विनाकारण ताण येतो.

राहिले दोन भरडे. अक्रोडाचे टरफल कठीण असते आणि त्याच्या कणांच्या कडा धारदार असतात. चिकटलेली काजळी, माती, जुने डाग ते खरवडून काढते, पण पितळ थोडे मंद दिसते. दाणे काढलेल्या कणसाचा भरडा मऊ आणि शोषक असतो. तो तेल, वंगण ओढून घेतो, पॉलिश धरून ठेवतो आणि चकाकी आणतो. मात्र मुरलेल्या डागांपुढे त्याचे फारसे चालत नाही. मैदानावर मातीत पडून राहिलेल्या पुंगळ्या असतील तर अक्रोड. आपल्याच बंदुकीतून निघालेल्या, त्याच दिवशी गोळा केलेल्या असतील तर नुसता मका पुरतो. दोन्ही मिसळून वापरणारेही बरेच आहेत, त्यात वावगे काही नाही.

खरी चूक होते ती कणांच्या आकारात. पाकिटावरचा आकडा चाळणीचा असतो; आकडा मोठा तितका कण बारीक. १४/२० म्हणजे साधारण १.४ ते ०.८५ मिलिमीटर, २०/४० म्हणजे ०.८५ ते ०.४ मिलिमीटर. प्रायमरच्या (बुडातल्या, आघाताने ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीच्या) खळग्यातून आत ठिणगी नेणारे भोक बहुतेक पुंगळ्यांत सुमारे २ मिलिमीटरचे असते. जाड भरड्याचे दोन कण त्यात एकमेकांना अडकून पाचरीसारखे बसतात. २०/४० चा भरडा सरळ निघून जातो. म्हणून मका घ्याल तो २०/४० चाच घ्या. प्राण्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला मिळतो तो भरडा बहुधा जाड असतो. अक्रोडही शक्य तितका बारीक बघा.

भांडे दोन-तृतीयांश भरड्याने भरा आणि पुंगळ्या त्याच्या निम्म्या मापाने घाला. वरचा थर कडेकडून मधल्या दांड्याकडे सतत वळत राहिला पाहिजे. तो जागच्या जागी थरथरत असेल तर माल जास्त झाला आहे, थोडा काढा. पॉलिश घालायचे तर बाटलीचे एक-दोन झाकण, तेही पुंगळ्या टाकण्याआधी. यंत्र १०-१५ मिनिटे नुसत्या भरड्यावर चालवा, नाहीतर ओल्या गुठळ्या होतात आणि थेट पुंगळ्यांत जाऊन बसतात. मग दोन ते चार तास. त्यापुढे चालवल्याने चकाकी वाढते, स्वच्छता नाही. आणि चकाकीने ना पितळाचे आयुष्य वाढते ना नेम सुधारतो. पुंगळी मूळ मापात आणणाऱ्या साच्यात घालताना तिच्यावर खर (खरखरीत कण) राहू नये, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट. खर राहिली तर साच्याला ओरखडे पडतात आणि मग ते पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतात.

प्रश्न: बारीक भरडा वापरूनही भोकात कण अडकतातच. एकेक टाचणीने काढावा लागतो. उपाय?

क्रम बदला. जुना प्रायमर जागेवर असतानाच कोरडी सफाई करा. खळगा बंद असल्यामुळे अडकायला जागाच नसते. प्रायमर नंतर काढा आणि खळगा छोट्या ब्रशने वेगळा साफ करा. साच्यातून काढल्यावर वंगण घालवायला मक्यात १५-२० मिनिटांचा दुसरा फेरा देत असाल, तर त्यानंतर मात्र प्रत्येक भोक उजेडाकडे धरून पाहायलाच हवे.

वेगवेगळ्या व्यासाच्या पुंगळ्याही एकत्र टाकू नका. ९ मिलिमीटरची पुंगळी ०.४५ इंची पुंगळीच्या पोटात शिरते, मधला भरडा दाबला जातो आणि दोन्ही पकडीने ओढाव्या लागतात. वेगळ्या करत असतानाच जिवंत काडतूस चुकून मिसळलेले नाही ना, तेही बघा. टंबलरमध्ये ते जाता कामा नये.

प्रश्न: फिरत्या पिंपात स्टीलच्या पिना, पाणी आणि सायट्रिक ॲसिड घालून धुतल्या. पहिल्यांदा पुंगळ्या सोन्यासारख्या निघाल्या, दुसऱ्यांदा गुलाबी. पितळ खराब झाले का?

ॲसिड जास्त झाले किंवा वेळ जास्त झाला. काडतुसाच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. आम्ल आधी जस्त खाते, तांबे वर उघडे पडते, तोच हा गुलाबी रंग. बहुतेक वेळा तो वरवरचा असतो. नुसता साबण आणि पाणी घालून अर्धा तास फिरवले की जातो. त्याने गेला नाही, किंवा पृष्ठभाग खडबडीत, टोचे पडलेला दिसला, तर त्या पुंगळ्या भंगारात द्या.

प्रमाण असे ठेवा: सुमारे ७ किलो पेलणाऱ्या पिंपात सव्वादोन किलो पिना, ९०० ग्रॅम पुंगळ्या, पावणेचार लिटर पाणी, भांड्यांचा द्रव साबण एक मोठा चमचा आणि सायट्रिक ॲसिड चहाचा पाव चमचा, म्हणजे जेमतेम ग्रॅमभर. ॲसिडचे काम मुख्यतः पाण्यातला जडपणा आवरण्याचे आणि डाग सोडवण्याचे; डोळ्यांनी अंदाज करून मूठ घालण्याची ही वस्तू नव्हे. लहान, वेगवान पिंपात एक-दोन तास, संथ पिंपात तीन-चार. उलट पुंगळ्या राखाडी, काळपट निघत असतील तर साबण कमी पडतो आहे: सुटलेली काजळी पाण्यात न राहता पुन्हा पितळावर बसते. पाणी काळे झाले की मध्येच एकदा बदलले तरी चालते.

ओल्या पद्धतीत प्रायमर आधी काढलाच पाहिजे. नाहीतर खळग्यात पाणी कोंडते, आतून गंज चढतो आणि वाळायला दिवस लागतात. धुऊन झाल्यावर साध्या पाण्यात दोनदा खळबळा, पंचात घोळवा आणि १०० अंश सेल्सिअसच्या आतच वाळवा. घाई म्हणून गॅसच्या ज्योतीवर धरू नका. बूड मऊ पडले तर ती पुंगळी वापरणे धोक्याचे.

प्रश्न: पिनांनी धुतलेल्या पुंगळ्यांच्या तोंडाची कड दुमडल्यासारखी वाटते, आणि गोळी बसवताना जोर लागतो. कारण काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कड दुमडते ती पुंगळ्या तासन् तास एकमेकींवर आपटल्यामुळे. पिंपात पाणी आणि पिना कमी, पुंगळ्या जास्त असल्या की हे हमखास होते. वेळ कमी करा आणि कडेचा आतला-बाहेरचा कंगोरा हत्याराने हलकेच मोडा. जोर लागतो तो मानेच्या आतली काजळी पूर्ण गेल्यामुळे. तो पातळ थर वंगणाचे काम करत असतो; कोऱ्या पितळावर गोळी घासत जाते. मानेच्या आत ग्रॅफाइटची भुकटी लावा, किंवा शेवटी १५ मिनिटे मक्यात फिरवा. कोरड्या पद्धतीत ही अडचण सहसा येतच नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी लांब पल्ल्याचे कित्येक नेमबाज पिनांकडे वळत नाहीत.

आणखी एक: पिन साधारण १.२ मिलिमीटर जाड आणि ६.५ मिलिमीटर लांब असते. अरुंद मानेच्या पुंगळीत दोन पिना आडव्या अडकून राहतात. राहिलेली पिन पुढच्या गोळीबारात नळीतून जाते. त्यामुळे चाळणे, चुंबक फिरवणे आणि शेवटी प्रत्येक पुंगळीत डोकावणे, तिन्ही करा. नुसत्या चुंबकावर विसंबू नका. काही जातींच्या स्टेनलेस स्टीलला तो जेमतेमच ओढतो.

प्रश्न: घरात पितळेची भांडी घासण्याचे द्रव पॉलिश आहे. तेच भरड्यात घातले तर?

डब्यावर अमोनिया लिहिले असेल किंवा झाकण उघडताच नाकाला झोंबत असेल तर अजिबात नाही. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनिया तडे पाडतो, आणि पुंगळी साच्यातून घडवलेली असल्याने तिच्यात ताण असतोच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने भारतात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे अशीच तडकत होती. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया त्याला कारणीभूत होता, याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. तडे आधी केसाएवढे असतात, दिसत नाहीत, आणि पुंगळी फाटते ती बंदुकीच्या आत. अमोनियारहित, टंबलरसाठीचेच पॉलिश घ्या किंवा काहीच घालू नका.

प्रश्न: तांदूळ चालतो का?

चालतो, पण हळू. दाणे मोडतात, पीठ होते, आणि तुकडे नेमके भोकाच्या मापाचे निघतात. फिरवून झाल्यावर त्या तांदळात शिसे असते, तेव्हा तो कोंबड्यांनासुद्धा टाकायचा नाही.

प्रश्न: शिशाबद्दल बरेच ऐकतो. कोरड्या भरड्याची धूळ खरोखर इतकी घातक आहे?

हो. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट हे शिशाचे संयुग असते, त्याचे अवशेष काजळीत उतरतात आणि भरडा ते बारीक धुळीच्या रूपात हवेत सोडतो. टंबलर राहत्या खोलीत, स्वयंपाकघरात नको. झाकण लावूनच चालवा आणि मुले, गरोदर बाई जवळ नसताना उघड्यावर चाळा. हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क घाला. सांडलेली धूळ केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भरड्यात कागदी रुमालाच्या चार-पाच पट्ट्या टाकल्या तर त्या बरीचशी धूळ ओढून घेतात. दर फेऱ्याला त्या बदला. पिनांच्या पद्धतीत धूळ उडत नाही, पण शिसे पाण्यात उतरते. ते काळे पाणी झाडांना घालू नका, आणि भांडी घासायच्या मोरीत तर नकोच.

भरडा कधी टाकावा, हा प्रश्नही अनेकांनी विचारला आहे. रंगावर जाऊ नका, तो दोन-तीन फेऱ्यांतच काळवंडतो. नेहमीच्या वेळेत पुंगळ्या साफ होईनाशा झाल्या, किंवा पट्ट्या टाकूनही झाकण उघडताना धूळ उठू लागली, की तो बदला. वापरलेला भरडा पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्यायचा. खतात, चुलीत किंवा शेकोटीत नाही.