आधी सायटेशन वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

देश, कर्तव्य, वर्दीचा मान हे तुला मी शिकवत बसणार नाही. ते तू घरूनच घेऊन आलास. तुझा पेच वेगळा आहे. 'मावी मारमारा' जहाजावर उतरलेल्या इस्रायली कमांडोला शौर्यपदक द्यावं की नाही, यावरून मेसमध्ये तुमच्या बॅचचे दोन तट पडले. एकाच्या मते तो वीर, दुसऱ्याच्या मते खुनी. तुला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून रात्रभर झोप नाही, आणि आता मला विचारतोस, काका, खरं कोण?

तुमच्यापैकी कुणी सायटेशन वाचलं का, ते आधी सांग.

नसणारच. जून 2010 मध्ये त्या घटनेनंतर आठवडाही उलटला नव्हता, तोवर एका कमांडोला पदक देण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या. बातमी म्हणजे सायटेशन नव्हे. अमुक माणसानं अमुक वेळी नेमकं काय केलं, कुणी पाहिलं, हे सहीनिशी लिहिलेलं असतं त्याला सायटेशन म्हणतात. ते हातात नसताना तुम्ही पोरं काय भांडताय?

आता प्रसंग बघ. 31 मे 2010 ची पहाट. इस्रायलची नाकेबंदी मोडून गाझाला मदत न्यायला निघालेल्या सहा जहाजांमधलं हे सर्वांत मोठं. किनारा सत्तरेक सागरी मैल दूर, म्हणजे आंतरराष्ट्रीय पाणी. इस्रायली नौदलाच्या 'शायेतेत 13' या तुकडीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरानं एकेक करून उतरले. हातात पेंटबॉल गन, कमरेला पिस्तूल. खाली लोखंडी गज, दांडके, चाकू घेतलेली माणसं वाट बघत उभी. तू अजून असा दोरावरून उतरलेला नाहीस म्हणून सांगतो: दोरावरच्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डेकला पाय टेकेपर्यंत तो काहीही करू शकत नाही, आणि पहिला उतरतो त्याच्या पाठीशी कुणी नसतं. तिघा कमांडोंना मारत ओढून खालच्या डेकवर नेलं. अशा वेळी वरून उतरून जो जखमी साथीदाराभोवती उभा राहतो, त्याचं धैर्य मी नाकारणार नाही. तूही नाकारू नकोस.

पण त्याच जहाजावर नऊ माणसं मेली, दहावा कोमात राहून 2014 मध्ये गेला. त्यांतल्या काहींना जवळून, पाठीत, अनेक गोळ्या लागल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पामर समितीनं सप्टेंबर 2011 मध्ये नाकेबंदी कायदेशीर ठरवली, आणि त्याच अहवालात म्हटलं की नाकेबंदीच्या क्षेत्रापासून इतक्या दूर, शेवटचा इशारा न देता, एवढं बळ वापरून चढणं अवाजवी होतं. मृत्यूंचा समाधानकारक खुलासा इस्रायलनं दिला नाही. इस्रायली सैन्याच्या स्वतःच्या आयलंड समितीनं जुलै 2010 मध्येच गुप्तवार्ता अपुरी होती, पर्यायी योजना नव्हती, असं म्हणून वरच्यांना बोल लावला आणि उतरलेल्या सैनिकांची मात्र पाठ थोपटली.

दोन्ही अहवालांत सैनिक आणि हुकूम वेगळे वाचता येतात. तुमच्या मेसमध्ये का येत नाहीत?

एक जुनं उदाहरण देतो, यात सायटेशन हाती आहे. 16 फेब्रुवारी 1940. जर्मन जहाज 'आल्टमार्क', होल्डमध्ये, म्हणजे तळाच्या माल ठेवायच्या जागेत, 299 ब्रिटिश खलाशी कैदी, आणि जहाज नॉर्वेच्या यॉसिंगफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीत शिरलेलं. नॉर्वे तटस्थ. नॉर्वेच्या नौदलाची माणसं त्या जहाजावर जाऊनही होल्ड न बघता परतली होती. चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री, त्यांनी परवानगी दिली, आणि कॅप्टन व्हियाननं 'कोसॅक' ही विनाशिका रात्री त्या अरुंद फ्योर्डमध्ये घालून आल्टमार्कला भिडवली. सात जर्मन मेले, कैदी सुटले. नॉर्वेनं निषेध केला, आणि तो रास्तच होता. एप्रिलमध्ये हिटलरनं नॉर्वेवर स्वारी केली. या घटनेनं त्याची घाई वाढवली, असं इतिहासकार म्हणतात.

व्हियानला डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्याचं सायटेशन वाच. शत्रूनं सर्चलाइटनं डोळे दिपवले, इंजिनं पुढे-मागे पूर्ण वेगानं चालवून धडक मारायचा, किनाऱ्यावर ढकलायचा प्रयत्न केला, तरी अरुंद पाण्यात जहाज कौशल्यानं हाकून त्यानं बाजूला लावलं, असं आहे त्यात. बोर्डिंग पार्टीचा, म्हणजे शत्रूच्या जहाजावर चढणाऱ्या तुकडीचा, अधिकारी टर्नर. दोन जहाजं टेकायच्या आतच त्यानं उडी घेतली आणि उडी कमी पडलेल्या एका पेटी ऑफिसर हुद्द्याच्या साथीदाराला वर ओढून घेतलं. हेही लिहिलेलं आहे.

आता बघ, काय नाही लिहिलेलं. तटस्थतेबद्दल एक शब्द नाही. नॉर्वेच्या पाण्यात शिरणं योग्य होतं, असा दावा नाही. मेलेल्या सातांचा आकडा मिरवलेला नाही. चांगलं सायटेशन असंच असतं. शौर्य इतकं नेमकं सांगायचं की उद्या कुणी त्याच्या आड लपू शकणार नाही. म्हणून म्हणतो, आधी सायटेशन वाच, आणि जे गाळलंय तेही वाच.

तू म्हणशील काकांना कागदाचं वेड आहे. आहेच. माझ्या नोकरीत एका बोर्डिंगनंतर आठवड्याभरात मला एका नाविकाचं रेकमेंडेशन लिहायला सांगितलं होतं. पोरगं धाडसी, रत्नागिरीकडचं, त्यानं पाण्यात पडलेल्या साथीदाराला काढलं होतं. पण त्याच बोर्डिंगमध्ये समोरच्या तांडेलाला गोळी लागली होती आणि चौकशी संपायची होती. वरून म्हणाले, लिहून टाक, पदक मिळालं की चौकशीची धार आपोआप कमी होते. मी म्हटलं, म्हणूनच आत्ता लिहिणार नाही. चौकशी लांबली, जहाज बदललं, माणसं बदलली, आणि त्या पोराला काहीच मिळालं नाही. तो माझ्याशी बोलत नाही. माझी बायकोसुद्धा म्हणते की तुम्ही हट्ट केलात, त्याचं नुकसान केलंत. मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण आज पुन्हा तोच कागद समोर आला तर तेच करीन. चौकशी दाबायला लिहिलेलं शौर्य त्या पोराच्या छातीवर शोभलं नसतं. ती छाती काकांची नव्हती, असं तो इतरांपाशी म्हणतो. म्हणू दे.

मार्च 2024 मध्ये आपल्या 'आयएनएस कोलकाता' युद्धनौकेनं चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' हे जहाज सोडवलं. चाळीस तासांचा पाठलाग, सी-17 विमानातून उतरलेले मार्कोस, म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडो, 35 चाचे शरण, 17 खलाशी सुखरूप, आणि चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात. अशा कारवाईतल्या पदकावर कुणी वाद घालत नाही. तुझ्या वाट्याला सगळी बोर्डिंगं तशीच येतील, असं धरून चालू नकोस. मार्कोससाठी नाव द्यायचं की नाही हे तू ठरव, त्यात मी पडणार नाही. पण मावी मारमारामुळे देणार नसशील तर ते कारण मला चालणार नाही.

मेसमधल्या त्या दोघांना समोर बसव. दोघांनाही एकच सायटेशन लिहायला लाव: त्या कमांडोनं काय केलं, कुणी पाहिलं, आणि तो कुठे थांबला. अर्ध्या पानाच्या वर नको, विशेषणं नकोत. तिसऱ्या मुद्द्यावर दोघेही अडतील. अडले की तिथूनच पुढचं पत्र लिही.

तुझा,
काका