ध्रुवावर आधी अमुंडसेनच कसा?

प्रश्न : नॉर्वेचा अमुंडसेन ब्रिटनच्या स्कॉटच्या आधी दक्षिण ध्रुवावर पोचला ते नुसतं नशीब होतं का हो? आमच्या कट्ट्यावर यावरून लई वाद झालाय.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नशीब असेल थोडंफार, पण खरी गंमत तयारीत आहे. १९०३ ते १९०६ च्या सफरीत अमुंडसेन गडी उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांकडून कातडी कपडे वापरायला आणि कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला, कपडे सैलच घालायचे म्हणजे घाम साठत नाही, नाहीतर तिकडं घामाचाच बर्फ होतो. स्कॉटनं तट्टं नेली, मोटरगाड्या नेल्या, पण शेवटी स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, माणसांनीच ओढली. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला पोचला, स्कॉट महिनाभरानं. आता कट्ट्यावर हे पण सांगा, अमुंडसेनकडं निघताना ५२ कुत्री होती, परत आली ११, बरीचशी ठरवून मारली आणि माणसांनी, उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ली. वाचताना पोटात कालवतं राव!