मागच्या वाढीव खोलीतून बागेत उघडणारं काचेचं दार कोणतं घ्यावं?

फोल्डिंग, म्हणजे घड्या होऊन कोपऱ्यात सरकणारं दार, घेऊ नका. साताऱ्यात, त्यातून खोलीचं तोंड पश्चिमेला असेल तर मुळीच नको. तुम्ही लिहिलंय की शेजारी बारा फूट भिंत काढून फोल्डिंग दार लावा म्हणतात, फॅब्रिकेटर स्लायडिंग म्हणतो, आणि तुम्हाला खर्चाचाही अंदाज हवाय. खर्चाचं मी सांगत नाही, अ‍ॅल्युमिनियमचे दर सारखे बदलतात. दोघातिघांकडून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात सेक्शनची, म्हणजे चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांची जाडी लिहून मागा. दाराबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण याच दारावरून आमच्या घरात एक अख्खी दिवाळी कडू झाली.

आम्ही शाहूपुरीत राहतो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून त्यांच्यासाठी परसात खोली वाढवली. तिथला अनंत, लिंबू, कढीपत्ता सगळं त्यांच्या हातचं. पहाटे देवाची फुलं काढायला त्यांना एकटीला बाहेर जाता यावं, एवढ्यासाठीच तर हा बांधकामाचा घाट. धाकटे दीर पुण्याला असतात. ते मोबाईलमध्ये फोटो घेऊन आले, अख्खी भिंत घडी होऊन कोपऱ्यात गेलेली. "वहिनी, खोली आणि बाग एक झाली पाहिजे." मी म्हटलं, भावजी, इथे जुलैत पाऊस वरून पडत नाही, यवतेश्वराकडून आडवा येतो. तर म्हणे हल्ली रबराची गास्केट असतात, थेंब आत येत नाही.

मी आदल्याच पावसाळ्यात एका नातेवाइकांकडे असलं दार मुद्दाम बघून आले होते. वस्तू महागाची, काम नीटनेटकं. तरी दारालगत आतल्या बाजूने गोणपाट आणि जुने टॉवेल अंथरलेले. चार झडपा म्हणजे दोन्ही कडा धरून पाच उभे सांधे, आणि झड लागली की पाणी प्रत्येक सांध्यात वाट शोधतं. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं असतात खरी, पण बागेच्या दारात माती आणि पानं येणारच, ती भोकं बुजतात. शिवाय त्यांची मधली झडप अडकत होती. त्याचं कारण दारात नव्हतं, पायात होतं. नवी खोली नव्या पायावर उभी असते आणि परसातली जमीन बहुधा भरावाची नाहीतर काळी. पहिले काही पावसाळे ती बसत राहते. वरची तुळई जराशी झुकली तरी फोल्डिंगचा ट्रॅक रेषेतून जातो. बिजागरीवरचं एकच दार असेल तर तासाभरात ठीक करून मिळतं.

दिवाळीत दिरांना हे सगळं सांगितलं. ते सासूबाईंसमोर म्हणाले, "वहिनींना नवीन काही नकोच असतं." ते मला फार लागलं. कारण मी काच नको म्हणतच नव्हते. आम्ही शेवटी केलं ते असं: एक मोठी फिक्स, म्हणजे न उघडणारी काच, तिच्यातून बाग अंथरुणातूनही दिसते, आणि शेजारी बाहेर उघडणारं तीन फुटांचं एक दार. बाहेर उघडणारं यासाठी की पश्चिमेचा वारा त्याला उलट चौकटीवर घट्ट दाबतो. उघडं ठेवायचं तर भिंतीला हूक हवाच, नाहीतर आपटतं.

वजनाचा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. सात बाय तीन फुटांत ८ मिमी काच म्हणजे जवळपास ३९ किलो, ६ मिमी म्हणजे २९. स्लायडिंगमध्ये हा भार रोलरवर असतो. नवं असताना दार बोटाने सरकतं, ट्रॅकमध्ये माती गेली की म्हाताऱ्या मनगटाला हलत नाही.

काठी टेकत चालणाऱ्याला उंबरठा नको आणि पाणी अडवायला तो हवा, ही खरी अडचण होती. आम्ही दारात उंबरठा ठेवलाच नाही. बाहेरचा ओटा दोन इंच खाली घेतला, बागेकडे पाच फुटांना एक इंच उतार दिला, दारालगत जाळी टाकून नाली काढली आणि वर पाच फूट पुढे येणारी पत्र्याची पडवी घातली. फोल्डिंगचे वाचलेले पैसे या पडवीत गेले आणि सार्थकी लागले. संध्याकाळचं ऊन मात्र पडवीखालूनही आत येतं, एप्रिल-मेमध्ये बांबूची चिक सोडावी लागते.

काच टफनच, म्हणजे तापवून कडक केलेली घ्या, कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा. टफन झाल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून प्लास्टर आणि फरशी झाल्याशिवाय माप देऊ नका. चोरीची धास्ती असेल तर फिक्सला लॅमिनेटेड, म्हणजे मधे पातळ थर घालून चिकटवलेली दुहेरी काच. फुटली तरी ती जागेवर राहते.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. खोली पूर्वेला असेल किंवा पडवी चांगली सहा-सात फूट खोल असेल, तर तीन ट्रॅकचं स्लायडिंग चालेल: दोन काचेचे, एक डासांच्या जाळीचा. सांगलीकडेही चालेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सांगलीत त्याच्या आठव्या हिश्श्याइतकाही नाही, आपण मधे. पण कृष्णाकाठी पूररेषेत असाल तर २०१९ चा महापूर आठवा, तिथे दाराआधी जोत्याची उंची ठरवा.

दीर अजून म्हणतात, बारा फूट उघडलं असतं तर मजा आली असती. ते दिवाळीत येतात, तेव्हा आभाळ निरभ्र असतं. जुलैत आठवडाभर राहून मग बोलावं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आणि सासूबाई ते दार रोज स्वतः उघडतात, कुणाला हाक मारत नाहीत.

तुमची खोली कुठल्या दिशेला उघडते आणि दार रोज कोण उघडणार, हे तुमच्या प्रश्नात नाही. तेवढं लिहा, म्हणजे मापाचं आणि जाडीचं नेमकं सांगता येईल.