पिस्तुलाच्या शिबिराला जाण्याआधी

भाऊ, परवान्याच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून तू नागपूरला शिकायला चाललास. २०१६ च्या शस्त्र नियमांत ते आहेच. पण नुसत्या कागदासाठी जाऊ नको.

पहिल्या दिवशी गोळी झाडायला मिळाली नाही तर हिरमुसू नको. त्या दिवशी शिकवतात तेच जीव वाचवतं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहायचं, बोटानं चाचपायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते. नंतर मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि माणूस ते रिकामं समजून फिरवतो. हा क्रम झोपेतही चुकणार नाही इतका घोटून घे.

झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. ट्रिगर झटकू नको, सावकाश दाब. उजव्या हाताचा नवशिका झटकतो तेव्हा गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. शर्ट बंद गळ्याचा घाल. झाडलेल्या गोळीची गरम पुंगळी गळ्यातून आत पडली तरी नळी समोरच ठेव, मग कितीही भाजो.

कायद्याचा तास टाळू नको. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही. शेताच्या धुऱ्याच्या भांडणात पिस्तूल काढायचं नाही. वरातीत बेपर्वाईनं बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातलास तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.