गाडी घ्या ताई, पण सव्वाचार लाखांची नको

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगतो. तुम्ही मानेवाड्याला राहता आणि पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करता. एका सिटिंगचे ५०० रुपये घेता. रोज पाच-सहा घरं होतात आणि सगळा खर्च जाऊन महिन्याला सरासरी ५२,००० रुपये हाती राहतात. यजमान बुटीबोरीला कंपनीच्या बसने जातात, त्यांचा पगार ३४,०००. घरखर्च ४५,०००, घराचा हप्ता १४,५००, एसआयपी ६,०००. प्रत्येकी १,२०,००० च्या तीन एफडी आहेत आणि बचत खात्यात ६०,०००. स्कूटर नऊ वर्षांची झाली. तिच्यावर मशीन आणि घडीचं टेबल घेऊन मे महिन्याच्या दुपारी फिरणं आता होत नाही, म्हणून मार्चच्या आत गाडी हवी आहे.

समोर तीन पर्याय आहेत. अंबाझरी भागातल्या एका गृहस्थांची २०१६ ची वॅगनआर, ६८,००० किलोमीटर चाललेली, मागणी २,४५,०००. डीलरकडची २०२० ची छोटी गाडी ४,२५,००० ला, त्यातले ३,४०,००० कर्ज तोच करून देणार. आणि तुमचे भाऊजी म्हणतात, जुन्याच्या नादी लागूच नका, नवी घ्या, हप्ता जवळपास तेवढाच येतो.

भाऊजींचं म्हणणं आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याज जास्त लागतं आणि मुदत कमी मिळते. तुम्हाला सांगितलेल्या १३ टक्के दराने ३,४०,००० चा पाच वर्षांचा हप्ता सुमारे ७,७४० रुपये येतो आणि एकूण व्याज जातं १,२४,००० च्या आसपास. नव्या गाडीचं साडेचार लाखांचं कर्ज सव्वानऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ७,३०० चा. म्हणजे नव्या गाडीचा हप्ता जुन्यापेक्षा कमी! त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या-जुन्यातलं अंतर आणखी कमी झालं. त्यामुळे डीलरची सव्वाचार लाखांची गाडी मी यादीतून काढूनच टाकतो. तिच्यावर व्याज जुन्या गाडीचं भरायचं आणि रक्कम जवळजवळ नव्या गाडीची गुंतवायची. बहुतेक कर्जावरच घ्यायची असेल, तर भाऊजी बरोबर आहेत.

पण बहुतेक कर्जावर घ्यायचीच कशाला? सात वर्षं म्हणजे ८४ हप्ते. तुम्हाला पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. मनगट किंवा कंबर धरली, तर त्या महिन्याचं उत्पन्न थांबतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. दीड-पावणेदोन लाखाच्या व्याजापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. शिवाय लायसन्स असलं तरी गाडी फारशी चालवलेली नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. सीताबर्डीच्या गर्दीत पहिल्या वर्षी गाडीला चार ओरखडे येणारच. ते जुन्या गाडीला आलेले बरे.

आता मुख्य हिशेब. रोज ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर १,००० किलोमीटर होतात. छोटी पेट्रोल गाडी शहरात एसी लावून लिटरला १६ देईल. १०४ रुपये लिटर धरलं तर ६,५०० रुपये पेट्रोल. विमा महिन्याला ६५० च्या आसपास, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती १,८००, टायर बदलण्यासाठी बाजूला ४००. एकूण ९,३५०. आज स्कूटरवर पेट्रोल-देखभालीचे साधारण २,६५० जातात. म्हणजे वाढीव खर्च ६,७००. त्यात गाडीच्या किमतीतली घट धरायलाच हवी, आणि तीच लोक विसरतात. सगळं मिळून २,६०,००० घातले आणि पाच वर्षांनी ८०,००० आले, तर महिन्याला ३,००० गेले. असे एकूण ९,७००.

यासाठी तुम्हाला महिन्याला २० सिटिंग जास्त व्हायला हवेत. हिंगणा रोड आणि कामठी रोडचे पेशंट लांब पडतात म्हणून महिन्याला तीन तरी नाकारावे लागतात, असं तुम्ही लिहिलं आहे. एका पेशंटचे दहा सिटिंग धरले, तर त्यातले दोनच घेतले तरी गाडीचा खर्च निघतो. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या बंद ठेवाव्या लागणाऱ्या वेळा आणि पावसात रद्द होणारी कामं मी यात मोजलीच नाहीत. म्हणून माझं उत्तर होकारार्थी आहे. ही गाडी तुमच्या धंद्याचं हत्यार आहे, चैन नाही.

फक्त एक गोष्ट पारखून घ्या. गाडीने प्रत्येक फेरी लवकर होत नाही. महाल, इतवारीच्या गल्ल्यांत स्कूटर जिथे पाच मिनिटांत पोहोचते, तिथे गाडी लावायला जागा शोधण्यातच पंधरा मिनिटं जातील. दिवसाची सहा घरं पाचवर आली, तर वर मांडलेला सगळा हिशेब उलटतो. म्हणून स्कूटर विकू नका. तिचे फार तर पंधरा-अठरा हजार येतील, त्यापेक्षा ती जवळच्या आणि गल्लीतल्या घरांसाठी जास्त मोलाची आहे. आणि पुढचे दोन आठवडे एक वही ठेवा. अंतरामुळे, उन्हामुळे किंवा सामानामुळे नाकारलेली प्रत्येक वेळ त्यात लिहा. आठवणीतला आकडा आणि वहीतला आकडा एक निघाला, तर बिनधास्त पुढे जा. लांबच्या घरांसाठी ६०० रुपये घ्यायला संकोच करू नका, येण्या-जाण्याचा वेळही तुमचाच जातो.

पैसे कुठून आणायचे? एफडी मोडू नका आणि डीलरचं कर्जही नको. दोन एफडींवर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. सहसा ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, म्हणजे २,१६,०००, आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लागतं. एफडी मात्र व्याज मिळवतच राहते. बचत खात्यातले ४५,००० त्यात घाला. २,६१,००० हाती आले. तिसऱ्या एफडीला अजिबात हात लावायचा नाही. ती म्हणजे तुमचा दोन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता. एरवी मी यापेक्षा जास्त ठेवायला सांगतो, पण यजमानांचा पगार चालू आहे आणि ओव्हरड्राफ्ट जसजसा फिटेल तसतशी ती सोय पुन्हा मोकळी होत जाईल. आज महिन्याला तुमच्याकडे २०,५०० उरतात. गाडीचा वाढीव खर्च जाऊन १४,००० भरू शकाल, म्हणजे साधारण सोळा महिन्यांत, व्याज धरून थोडं पुढे, मोकळ्या व्हाल. वीस सिटिंग वाढले तर दहा महिन्यांतच. त्यात बंधन कुठल्या ठरावीक हप्त्याचं नाही, एखाद्या महिन्यात कमी भरलं तरी चालतं. पण म्हणूनच पहिल्या तारखेला रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, नाहीतर ते पैसे सणावारांत जातात. एसआयपी थांबवू नका.

२,६१,००० म्हणजे गाडीची किंमत नव्हे. नाव बदलणं आणि विमा यांना १५,००० धरा. सुरुवातीच्या कामाला ३०,०००. दहा वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी, क्लच यांपैकी काहीतरी निघतंच, आणि नागपूरच्या उन्हात एसी तपासल्याशिवाय गाडी घेण्यात अर्थ नाही. म्हणून वॅगनआरचे २,१५,०००, फार ओढाताण झाली तर २,२०,०००. नवीन गाड्या स्वस्त झाल्यापासून जुन्यांचे भावही नरमले आहेत, हे बोलताना विक्रेत्याला आठवण करून द्या.

ही गाडी अंबाझरी भागातली आहे, तेव्हा एक गोष्ट सगळ्यात आधी बघायची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. त्या रात्री किती गाड्या बुडाल्या हे नागपूरकरांना सांगायला नको. बुडालेली गाडी धुऊन-पुसून छान दिसते, वायरिंग मात्र दोन वर्षांनीही त्रास देतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली बारीक गाळ, दिव्यांच्या काचेआड बाष्प, काचा बंद करून बसल्यावर कुबट वास, यातलं काहीही आढळलं तर परत या. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा आणि ऑक्टोबर २०२३ च्या आसपास मोठं बिल किंवा विम्याचा दावा आहे का ते पहा. विक्रेते सरळ माणूस असतील तर नोंदी दाखवायला हरकत घेणार नाहीत. आपल्या माणसाच्या ओळखीचा मेकॅनिक हजार-दीड हजार देऊन सोबत न्या आणि गाडी थंड असताना सुरू करून बघा.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) त्याच वर्षी एप्रिलपासून. २०१६ च्या साध्या मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही नसतात. स्कूटरपेक्षा तरीही तुम्ही सुरक्षित असाल, पण एअरबॅगवाली त्याच वर्षाची गाडी पंधरा-वीस हजार जास्त देऊन मिळत असेल तर सुरुवातीच्या कामातून वाचवून ती घ्या. आणि ही गाडी समृद्धी महामार्गावर नेऊ नका. तिथल्या वेगाला जुने टायर टिकत नाहीत. शिर्डीला जायचं तर रेल्वेने जा.

कागदपत्रांत आरसीवरची वैधतेची तारीख पहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१६ च्या गाडीची २०३१ ला संपते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, त्याला तपासणी, शुल्क आणि ग्रीन टॅक्स लागतो. म्हणून पाच वर्षांनी विकताना मी फक्त ८०,००० धरले. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरची पाटी हवी, ती विक्रेत्यानेच लावून द्यावी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका. थकलेले ई-चलान गाडीच्या नंबरवरून दिसतात, ते तिथेच भरून घ्या. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ताबा पावतीवर तारीख आणि वेळ लिहा. विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर व्हायला हवा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याच्या आकड्यापेक्षा वाढेल. पैसे बँकेतूनच द्या.

कुणी छिंदवाडा किंवा शिवनीकडची एमपी पासिंगची गाडी वीस-पंचवीस हजार स्वस्त म्हणून दाखवली, तर नको म्हणा. तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला कर, नवा नंबर, यात वाचलेले पैसे आणि तुमचे कामाचे दिवस दोन्ही जातात. गॅस किटवाली गाडीही नको. गॅसची टाकी डिकीतली जागा खाते, आणि तुमचं टेबल ठेवायला डिकी लागते.

डीलरने सांगितलं की गाडीमुळे टॅक्स वाचेल. तुमच्या सीए जसं रिटर्न भरतात, त्यात निम्मं उत्पन्न ठोक धरलं जातं आणि गाडीची घट वेगळी दाखवता येत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून करच लागत नाही. तुमचा कर शून्य आहे, त्यात वाचवायला काही नाही.

विक्रेते २,२०,००० च्या खाली आले नाहीत तर फोन नंबर देऊन निघा. मार्च उलटला तरी चालेल, गाडी एप्रिलमध्ये घेता येईल. पण घाईत तिसरी एफडी मोडायची वेळ आणू नका. वहीतली दोन आठवड्यांची नोंद आणि मेकॅनिकने सांगितलेल्या कामांची यादी मला पाठवा. त्यावरून मी शेवटचा आकडा सांगतो.