जुन्या, नावाजलेल्या गोल्फ क्लबवर पाहुणा म्हणून जाताना काय सांभाळावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, सात-आठ महिने खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळताय, हँडिकॅप (तुमच्या पातळीनुसार मिळणारे जादा फटके) 28 आहे. येत्या शनिवारी वरिष्ठांनी चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर बोलावलंय आणि जूनमध्ये स्कॉटलंडला जायचंय. खेळ बिघडला तर हसं होईल, ही धास्ती.

हसं होणार नाही. वाईट खेळ सगळीकडे खपतो, रेंगाळलेला खेळ मात्र जुन्या क्लबवर अजिबात खपत नाही. आणि एक लक्षात ठेवा, तिथे तुमची चूक तुमच्या खात्यावर पडत नाही. पाहुण्यांच्या वहीत तुमच्या नावासमोर साहेबांचं नाव असतं. तक्रार झालीच तर पत्र त्यांना जातं. क्लब 1927 सालचा आहे. अशा ठिकाणी निम्मे नियम फलकावर असतात आणि उरलेले सभासदांच्या भुवयांवर.

आधी कपडे, कारण पाहुणा अडतो तो इथेच. कॉलरचा टी-शर्ट, पँटमध्ये खोचलेला, पट्टा लावून. जीन्स नको, बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो नको, ट्रॅक पँट नको. शॉर्ट्स घालायच्या असतील तर गुडघ्यापर्यंतच्या, नीट शिवलेल्या. मोजे कसे हवेत ते साहेबांना आधीच विचारा, कारण त्यात क्लबागणिक फरक पडतो. बूट मऊ स्पाइकचे. ते गाडीच्या डिकीवर बसून बदलू नका. खारघरला कोणी बघत नाही, इथे बघतात. लॉकर रूममध्ये बदला. टोपी छताखाली आलात की काढायची. नाश्त्यासाठी वेगळा शर्ट आणि बंद बूट गाडीत ठेवा, चप्पल-सँडलवर आत सोडत नाहीत. मुंबईतल्याच विलिंग्डन क्लबने अनवाणी आलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनाही दारातून परत पाठवलं होतं, तिथे तुमच्या-आमच्या कोल्हापुरीची काय कथा! (हा नियम मला स्वतःला पटत नाही, पण वाद घालायची जागा यजमानाचं गेट नव्हे.)

टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) 6.40 म्हणजे 6.40 ला पहिला चेंडू उडालेला असतो. 45 मिनिटं आधी पोचा. वाशी पूल, मानखुर्द आणि पुढचा सिग्नल हे सगळं शनिवारी पहाटे मोकळं मिळेल असं धरून निघू नका.

आता वेगाचं गणित. चौघांच्या गटाला 18 होलना साधारण चार तास, म्हणजे होलमागे तेरा मिनिटांच्या आसपास. नजर मागच्या गटावर नको, पुढच्यावर हवी. ते दिसेनासे झाले की तुम्ही मागे पडलात. फटक्याची पाळी आली की 40 सेकंदांत मारा, ग्लोव्ह आणि क्लबची (चेंडू मारायच्या काठीची) निवड दुसरा मारत असतानाच उरका. हरवलेला चेंडू शोधायला नियमाने 3 मिनिटं मिळतात, 2019 पूर्वी 5 होती. झाडीत गेल्याची शंका आली तर पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर धरायचा) चेंडू मारा आणि तसं मोठ्याने सांगा. पिशवीत आठ-दहा चेंडू असू द्या. क्लब, म्हणजे काठ्या, 14 पेक्षा जास्त नकोत.

28 हँडिकॅपला सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे वेळेवर चेंडू उचलणं. तुम्हाला प्रत्येक होलवर एक फटका जादा मिळतो आणि सर्वांत अवघड दहा होलवर दोन. स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, 1 सर्वांत अवघड) 6 असलेल्या पार-4 वर, म्हणजे चार फटक्यांत संपायला हव्या अशा होलवर, तुमची कमाल 4 अधिक सर्वांना धरतात ते 2 अधिक तुमचे जादा 2, म्हणजे 8. इंडेक्स 15 असेल तर 7. तेवढे झाले की चेंडू खिशात आणि चालू लागा. हँडिकॅपच्या नोंदीतही यापेक्षा जास्त धरत नाहीत, त्यामुळे नवव्या-दहाव्या फटक्याने कोणाचंच भलं होत नाही.

ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचल्यावर बहुतेक नवखे मनापासून काळजी घेतात आणि नेमकं उलटं करतात. उंचावरून पडलेल्या चेंडूने खड्डा पडतो. दुरुस्तीचं दोन दातांचं हत्यार खड्ड्याच्या कडेबाहेर रोवायचं आणि गवत मध्याकडे ढकलायचं. चारी बाजूंनी चार-पाच वेळा. मग पटरच्या (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या काठीच्या) बुडाने हलकेच दाबायचं. बरेच जण दात खड्ड्याखाली घालून माती वर उचकटतात. मुळं तुटतात, वरून सपाट दिसतं, आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी टिकली उमटते ती आठवडे जात नाही. आपला खड्डा बुजवलात की शेजारचा कोणाचा तरी राहिलेला असेल, तोही बुजवा. हे साहेबांच्या नजरेत येतं, 200 यार्डांचा ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) आला नाही तरी.

बाकी ग्रीनवरचं थोडक्यात: कोणाच्या पटच्या (छिद्राकडे घरंगळवायच्या फटक्याच्या) रेषेवर पाय नको, सावलीही नको; पिशवी ग्रीनबाहेर, पुढच्या टीच्या (पुढचं होल जिथून सुरू होतं त्या जागेच्या) बाजूला. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) उतरायचं ते कमी उंचीच्या कडेने, आणि बाहेर पडताना पावलांसकट वाळू रेकने सारखी करून. एक फुटाचा पट समोरचा 'दिला' (म्हणजे आत गेला असं धरलं) म्हणेपर्यंत उचलू नका. पैज लागणार असेल तर रक्कम पहिल्या टीवरच विचारून घ्या.

कॅडी (तुमची पिशवी वाहणारा मदतनीस) बहुतेक जुन्या क्लबवर घ्यावाच लागतो. काही ठिकाणी 'आगेवाला'ही असतो, तो पुढे उभा राहून चेंडू कुठे पडला ते पाहतो. 'ए' करून हाक मारू नका, दादा म्हणा, आणि ग्रीनवर कॅडीने दाखवलेल्या रेषेवर निमूट विश्वास ठेवा. त्याची फी आणि टीप किती, ते साहेबांना आदल्या दिवशीच विचारा आणि सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. बारमध्ये मात्र पाकीट काढायचं नाही. बिल सभासदाच्या खात्यावर जातं, पाहुण्याकडून बहुधा घेतही नाहीत. परतफेड करायची तर गेस्ट फीबद्दल आधी फोनवर बोला, किंवा नंतर बाहेर जेवायला न्या. फोन सायलेंटवर, पिशवीत. आणि पहिल्याच भेटीत 'इथली मेंबरशिप कशी मिळते?' एवढं विचारू नका.

स्कॉटलंडचं वेगळं आहे. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचा नाहीच, ती सार्वजनिक जागा. शेजारची रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची इमारत मात्र खासगी, तिच्या पायऱ्यांवर फोटोला बसू नका. आगाऊ बुकिंग नसेल तर दोन दिवस आधी सोडतीत नाव घालता येतं. हँडिकॅपचा पुरावा मागतात, कमाल 36, तेव्हा 28 चालेल. पण तो क्लबमार्फत नोंदलेला हवा. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपचा आकडा दाखवून भागत नाही. ते काम आत्ताच उरका. रविवारी तिथे खेळ बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरतात. वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळत नाही, म्हणजे नऊ-दहा किलोमीटर पायीच. एडिनबराजवळचं मुइरफील्ड, हाही जुना गोल्फ कोर्स, पाहुण्यांना ठरलेल्या वारीच, मंगळवारी आणि गुरुवारी घेतं. सकाळी प्रत्येकाचा आपला चेंडू, दुपारी दोघांत एक चेंडू आळीपाळीने मारायचा, आणि मधलं जेवण कोट-टायवर. दुपारचा खेळ होईल तसा होईल, पण कोट ऐरोलीतूनच इस्त्री करून न्या.